आबांचं 'हं'

आबांच्या मळ्यातून माल बाहेर पडायची एक पद्धत होती. सकाळी क्रेट भरले की आबा शेडमधल्या स्टुलावर बसायचे, प्रत्येक वाफ्यातलं एकेक काढून कच्चंच चावायचे आणि म्हणायचे, "हं." म्हणजे गाडीत चढवा. काही न बोलता क्रेट बाजूला सरकवला, तर तो गाईचा. हे काम त्यांना वडिलांकडून आलं, वडिलांना आजोबांकडून. औषध न मारता पिकवलेली भाजी. तिला ना छाप ना कागद. आबांची जीभ हीच छाप.

"चाळीस वर्षांत माझ्या हातच्या भाजीला कधी 'हं' म्हटलं नाही या माणसानं," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती गेली त्याला तीन महिने झाले.

तेव्हापासून आबांना चवच लागेना. तापात लागत नाही तशी नव्हे. मुळा, गाजर, टोमॅटो, सगळा ओला पुठ्ठा. त्याचं वाईटही वाटत नव्हतं, ही त्यातली गंमत. रडू आलं नव्हतं. भूक नसली तरी वाढलेलं संपवत होते. फक्त स्टूल गेलं तर सकाळी उठून बसायचं कुठे, एवढं एकच त्यांना सुचत नव्हतं. म्हणून ते सरसकट "हं" म्हणू लागले. एकही तक्रार आली नाही. गाईचे क्रेट बंद झाले तरी गाय काही वाळली नाही, याचा खरं तर विचार करायला हवा होता. पण आबा हल्ली कशाचाच करत नसत.

मग सून चार दिवस माहेरी गेली, आणि चौथ्या दिवशी दुपारी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून सहा क्रेट काकडी परत आली. कडूजहर.

"आबा, चाखली होती ना?" मुलानं विचारलं.

"चाखली की."

"मग?"

"मग काय. हं म्हणालो."

मुलगा क्रेट उतरवत राहिला.

संध्याकाळी सून आली. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून तिनं एक काकडी मोडली, चावली, थुंकली.

"रोज तुमच्याआधी मी वाफ्यात चाखून ठेवते, आबा. वाईट निघेल ते परस्पर गाईला."

"कधीपासून?"

"सासूबाई गेल्या त्या आठवड्यापासून. तुम्ही कच्चं कारलं गाजरासारखं खाल्लंत, तेव्हाच कळलं."

"बोलली नाहीस."

"स्टूल एकच आहे, आबा."

आबा एक क्रेट घेऊन गोठ्यात गेले. गाईनं काकडी तोंडात घेतली, टाकली आणि मान फिरवली. आबांनी दुसरी काढून आख्खी खाल्ली. पाण्यासारखी लागली, दुसरं काही नाही.

सकाळी त्यांनी स्टूल फडक्यानं पुसलं आणि सुनेकडे सरकवलं. ती बसली. मुळा चावून त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हण," आबा म्हणाले.

"हं."

"मोठ्यानं. गाडीवाल्याला ऐकू जायला हवं."

तिनं पुन्हा म्हटलं. आबा जरा वेळ उभे राहिले. मग हातांचं काय करायचं ते न कळून त्यांनी मुळ्यांचा क्रेट उचलला आणि गाडीकडे निघाले.