फोटो न काढणारे मामेसासरे

एक्स-रे काढण्याचा पगार घेऊन एक्स-रे न काढण्यासाठी जन्मभर भांडलेला माणूस अख्ख्या रायपुरात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. बीरगावच्या एका दवाखान्यात ते पस्तीस वर्षं मशीनवर होते. कारखान्यातला एखादा मजूर कंबर धरून "दो-चार फोटू खींच दो, साहब" म्हणाला की मामा चष्म्यावरून बघत. "काहे? शादी का एल्बम बनाना है?" डॉक्टरची चिठ्ठी असली तरी आधी डॉक्टरला फोन लावून "खरंच पायजे का?" असं दोनदा विचारत.

दवाखान्याबाहेरही तेच. पंडरीच्या कापडबाजारात घेतलेल्या मामींच्या साडीला भोक निघालं, ती परत करायला मला सोबत नेलं, आणि भर दुकानात ते भोक माझ्या नाकासमोर धरून सुरू झाले. "जवाईबापू, पेशीच्या आत असाच धागा असते. किरण लागला का तुटते. पेशी बिचारी रफू करते, नाही जमलं तर मरून जाते. पण एखादीचा रफू चुकते, अन् वाढणं कुठं थांबवायचं हेच ती भुलते. मंग वाढूनच राहते. वर्षानुवर्षांनी त्याचाच कॅन्सर होते!" एक शब्दही न कळलेला दुकानदार घाबरून हात जोडत म्हणाला, "भैया, साड़ी बदल देता हूँ, बस."

ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत मी स्कूटरवरून पडलो तेव्हा त्यांनी माझा अंगठा दाबून जाहीर केलं, "मोडला नाही. काहून उगाच किरण खाता?" चार दिवसांनी दुसरीकडे एक्स-रे काढला, अंगठा व्यवस्थित मोडला होता. मामा भेटायला आले, प्लास्टरकडे बघत राहिले. "माही चूक झाली. पण चार दिवस तुमच्या पेशी सुखात होत्या का नाही?"

निवृत्तीनंतर त्यांच्या उजव्या तर्जनीवरची एक जखम काही केल्या भरेना. तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला आणि बोट काढावं लागलं. किरणांमुळेच झाला का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. पण सुरुवातीच्या काळात, किरण अडवणारे शिशाचे हातमोजे नसताना, रडणारी लेकरं मामा स्वतःच्या हातांनी मशीनसमोर धरत, हे मला मामींकडून तेव्हा कळलं.

"तुम्हाला तर सगळं माहीत होतं," मी चिडून म्हणालो. "मग काहून धरत होता?"

"पोट्टं हललं का फोटो बिघडते," बँडेजचा हात मांडीवर ठेवून ते म्हणाले. "बिघडला का पुन्हा काढा लागते. म्हंजे त्याले डबल किरण. मी धरलं का एकातच होऊन जाये."

मग त्यांनी डाव्या हातानं चहाचा कप उचलला. थोडा सांडला.

ती लेकरं आता बापे-बाया झाली असतील, मामांना ओळखणारही नाहीत. पण बीरगावात कुणाच्या तरी पेटीत तळाशी एखादी जुनी फिल्म पडून असेल. उजेडाकडे धरली, तर लेकराच्या इवल्याशा छातीच्या कडेला एका मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं दिसतील, घट्ट धरलेली.