पारखीने निवडलेला जादा पाटा

आमच्या गल्लीत त्याला सगळे पारखी म्हणतात. दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं, माझ्या गॅरेजला लागूनच. मधे फक्त एक पत्र्याची भिंत. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेला माल त्याच्याकडे कमी. "शिक्का डब्याला असतो, लोखंडाला नाही," असं म्हणून तो बाहेरच्या कारखान्यांचा माल स्वतः निवडून आणायचा. ऑइल सील नखाने दाबून बघायचा, रबरी बुश नाकाशी धरायचा, स्प्रिंगचा पाटा दोरीला टांगून त्यावर पान्याने टोला द्यायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. आवाज पटला नाही तर सगळी खेप परत. कारखान्यांचे एजंट त्याच्या दुकानात शिरताना परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करत.

गिऱ्हाइकाने मागितलं ते मुकाट्याने द्यावं, हा त्याचा स्वभावच नव्हता. पिकअपला चमचमते दिवे आणि तीन सुरांचा हॉर्न मागायला कुणी आलं, की हा आधी बाहेर जाऊन टायर बघणार. "लिपस्टिक नंतर, आधी हिला चपला घे!" अशाने धंदा होतो का? पण होत होता, कारण त्याने दिलेला पार्ट कधी परत येत नसे. त्याची एकच खोड. डब्यातला माहितीचा कागद तो वाचायचा नाही. "ज्याच्या हाताला कळत नाही त्याने वाचावं," असं म्हणत चुरगळून माझ्याकडे फेकायचा. मी त्याला हात पुसायचो.

त्याची आई तो लहान असतानाच गेली. थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं. तिचा नवरा त्याचा दाजी, म्हणून अख्ख्या गल्लीचाच दाजी. दाजी पिकअपवर फरशा वाहायचे आणि ताई शेजारी बसून जायच्या, फुटक्या फरशा वेगळ्या काढायला. गाडी भरली की मागून पार बसायची, चाक मडगार्डला घासायचं. एकदा दाजी म्हणाले, "अरे, मागे एक जादा पाटा टाकून दे. चांगल्यातला बघ."

पारखीने त्यासाठी आठ दिवस घेतले. चार कारखान्यांचे पाटे वाजवून झाले. शेवटी एकाला टोला दिला, कान लावला आणि म्हणाला, "हाच. ताई बसते त्या गाडीत."

पाटा बसवला मी. आता खरं काय ते सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलोय. त्या पिकअपच्या मागच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. ओझ्याने गाडी मागून जितकी खाली बसेल, तितका तो मागच्या चाकांच्या ब्रेकला जोर देतो. जादा पाटा टाकला की गाडी भरूनही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामीच आहे, आणि तो जोर आखडता घेतो. म्हणून पाट्याबरोबर त्याची दांडीही नव्याने जुळवावी लागते. हे सगळं चित्रासकट त्या दिवशीच्या चुरगळलेल्या कागदावर होतं. हात पुसायच्या आधी मी ते वाचलं. दांडीचा नट गंजला होता. दाजी दारात किल्ली फिरवत उभे होते, त्यांचा माल खोळंबला होता. वीस मिनिटांचं काम, उद्या करू, असं मी मनात म्हटलं आणि त्याच कागदाला हात पुसले. दाजींना काही बोललो नाही. तो उद्या आलाच नाही.

अकराव्या दिवशी उताराच्या वळणावर फरशांनी भरलेली गाडी भिंतीवर गेली. दाजींना खरचटलं. ताईंचा गुडघा मोडला.

"मी वेळेवर ब्रेक दाबला होता," दाजी येईल त्याला सांगत. "गाडी थांबलीच नाही." तपासणाऱ्यांनी बघितलं, तर ब्रेकचं तेल ठीक, पॅड ठीक. मग वेगच जास्त असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. ताईंनीसुद्धा. "कायम घाई यांना," असं त्या भेटायला येणाऱ्यांसमोर बोलायच्या आणि दाजी खाली मान घालायचे. पुढे पुढे त्यांनी सांगणंच सोडलं. पत्र्याचं काम दुसरीकडे करून गाडी दारात आणून लावली, पण ते तिला हात लावेनात. नुसते स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसायचे. मी त्यांना असं बसलेलं पाहिलंय आणि तरी सहा महिने मूग गिळून गप्प राहिलोय. मला लाज वाटते.

मग एक दिवस पारखीकडे एक चष्मेवालं गिऱ्हाईक आलं. त्याच कारखान्याचा पाटा मागितला, डबा उघडला आणि कागद मोठ्याने वाचायला लागलं. पत्र्याच्या अलीकडे मला शब्द न् शब्द ऐकू आला. गिऱ्हाईक गेलं आणि पारखी माझ्याकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मिस्त्री, दाजी खरं बोलत होते रे," तो म्हणाला. "कागद मी वाचला नाही, म्हणून तुला सांगितलं नाही. तुला तरी कसं कळणार? माझ्या हातांनी घात केला."

मला एवढंच म्हणायचं होतं, की मी वाचला होता. मी म्हणालो, "पाणी घे."

संध्याकाळी तो मला बरोबर घेऊन बहिणीकडे गेला. ताई स्टुलावर पाय ठेवून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्यात मी, मी, मी. व्हॉल्व्हचं काम कसं चालतं, तेवढं मी समजावलं. माझा आवाज अगदी व्यवस्थित निघाला, याचंच मला नवल वाटतं.

ताई भावाकडे बघेनात. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दाबला होता?"

"दाबला होता."

"वेळेवर?"

"अगं, पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय ना."

ताईंच्या हातातला शर्ट तसाच राहिला. त्या रडायला लागल्या, पदराने तोंड दाबून. मग भावाला म्हणाल्या, "माझ्या पायाचं जाऊ दे. चारचौघांत मी या माणसाला खोटं पाडलं. सहा महिने. ते कसं भरून देशील तू? जा आता."

त्यानंतर पारखीने पाटे वाजवणं सोडून दिलं. चष्मा करून आणला, आता प्रत्येक डब्यातला कागद वरपासून खालपर्यंत वाचतो. गिऱ्हाइकं चिडवतात, "पारखी शाळेत जायला लागला!" तो हसत नाही. बहिणीच्या घरी त्याला अजून कुणी बोलावलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दाजी पिकअप घेऊन आले. स्वतः चालवत. "दांडी तूच जुळव," म्हणाले. "त्याच्या दुकानाची पायरी आता मी चढणार नाही. पण तू त्या दिवशी त्याच्याबरोबर आलास, सगळं समजावून सांगितलंस, ते विसरणार नाही बघ. रविवारी जेवायला ये. तुझ्या ताईने मुद्दाम सांगितलंय."

मी दांडी जुळवली. रविवारी गेलोही. एका हाताने काठी टेकत ताईच वाढत होत्या. सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांना वाटलं मला आणखी भात हवाय. त्यांनी वाढला, आणि मी खाल्ला.