दोन लेबलं

जुईनगरच्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळते. न्हावा शेव्याजवळच्या आमच्या यार्डात गाडी आत घ्यायची तर गेटवर पास छापावा लागतो, आणि तो छापणारा प्रोग्राम माझ्या सर्व्हरवर चालतो. एका सोमवारी सकाळीच गेटवरच्या काकांचा फोन आला.

"मॅडम, कोनाचाच पास निंगत नाय. लाइन पार पुलापर्यंत गेली हाय."

ड्रायव्हरांच्या नावांची यादी प्रोग्रामला वाचताच येत नव्हती. फाइल जागेवर होती, मालकी बरोबर, परवानग्याही बरोबर. तरी सर्व्हरची सिक्युरिटी नकार देत होती. खुर्चीत बसवेना, म्हणून उभ्यानेच टाइप करत होते.

साहेब मागे येऊन थांबले. "ती सिक्युरिटी बंद कर ना दोन तास. आधी गाड्या आत घेऊ. कळंबोलीहून अजून येतायत."

बंद करायला एकच ओळ पुरे होती. मी ती टाइपही केली. पण आधीच्या नोकरीत अशीच 'दोन तासांसाठी' बंद केलेली सिक्युरिटी मी नोकरी सोडेपर्यंत बंदच राहिली होती. मी ओळ खोडली.

"सर, दहा मिनिटं द्या."

"पाच," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

ही सिक्युरिटी लेबलांवर चालते: आमच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलला एक लेबल असतं, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामलाही असतं. कुठल्या लेबलच्या प्रोग्रामने कुठल्या लेबलची फाइल उघडायची, हे नियमांत ठरलेलं असतं. त्यात न बसणारी फाइल मालकालासुद्धा उघडता येत नाही. मी दोन्ही लेबलं एकाखाली एक काढली. प्रोग्रामचं नेहमीचंच होतं. शेजारच्या जुन्या यादीचंही ठीक होतं. आजपासून लागू झालेल्या नव्या यादीवर मात्र कुणाच्या तरी खासगी फोल्डरचं लेबल होतं.

कुणाच्या म्हणजे माझ्याच. शनिवारी घरी जायच्या घाईत मी यादी माझ्या फोल्डरात तयार केली आणि कॉपी न करता तशीच उचलून इकडे हलवली. कॉपीला नव्या जागेचं लेबल मिळतं, हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते. हे मी नव्या लोकांना शिकवते.

लेबल दुरुस्त केलं आणि काकांना फोन लावला.

"निंगला, निंगला!" पलीकडून हॉर्नच्या आवाजात ते ओरडले.

साहेब जायला वळले होते. मी काही बोलले नसते तरी चाललं असतं. त्यांना लेबलातलं काही कळत नव्हतं.

"सर, चूक माझी होती. शनिवारची."

ते परत माझ्या टेबलाशी आले. "मग मघाशी बंद केलं असतं तर?"

"चाललं असतं. आणि का अडलं होतं, ते कधीच कळलं नसतं."

"लिहून ठेव," एवढंच म्हणून ते गेले.

मला काही हायसं वाटलं नाही. दुपारी डबा तसाच ठेवून मी याआधी अशाच हलवलेल्या, चुकीच्या लेबलाच्या फाइली शोधत बसले. आणखी तीन सापडल्या.