वरलं अंग

आता दर उन्हाळ्यात टीव्हीवरची पोरगी हसतहसत सांगते, आज तापमानाचा उच्चांक मोडला. गेल्या वर्षी मोडला होता, यंदा पुन्हा मोडला, आणि पुढच्या वर्षीही मोडणार हे सांगायला ज्योतिषी नको. माझं टाळकं सरकतं तिच्या हसण्यानं. अगं बाई, उच्चांक मोडला म्हणजे काय बारशाच्या घुगऱ्या वाटायच्यात? ऊन हद्दीबाहेर गेलं की माणसं कशी होतात ते मी बघितलंय. त्या माणसांत मीही होते.

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. माझं माहेर भोर तालुक्यातलं भोंगवली. मला दिली वेल्ह्याच्या अंगाला, मार्गासनीवरून आत, डोंगराच्या चढावर बसलेल्या एका वाडीत. नवरा पुण्याला कारखान्यात, पंधरा दिवसांनी एसटीनं यायचा. सासरा आधीच गेलेला. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू. मी तिला आत्याबाई म्हणायचे. ती मला नावानं हाक मारायचीच नाही, नुसतं ‘भोंगवली’ म्हणायची. ‘ए भोंगवली, भाकरी करपली.’ ‘भोंगवली, तुमच्याकडं पानी आसंच सांडत्यात व्हय गं?’ मीही काही कमी नव्हते. एकदा म्हटलं, ‘व्हय, आमच्याकडं सांडण्यापुरतं हाय.’ खरं तर भोंगवलीला उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही मारामार, पण माहेराची अब्रू झाकायला नको?

त्या वर्षी चैत्रातच ऊन पेटलं. थर्मामीटर वाडीत कुणी बघितला होता? पितळी हंडा दुपारी दारात राहिला तर तळहात भाजायचा. चिंचेवरची वटवाघळं पटापटा खाली पडून मेली, सकाळी टोपलीनं भरून टाकली. भोरच्या स्टँडापुढं डांबरात माझी चप्पल रुतली ती तिथंच राहिली, मी अनवाणी गाडीत चढले. वाडीतली सगळ्यात म्हातारी माणसं ओसरीला पाठ टेकून म्हणायची, ‘आसलं ऊन न्हाई बघितलं बया.’ दर दोन-चार दिवसांनी म्हणायची, आणि दर वेळी आदल्यापेक्षा खरं असायचं. आम्हाला वाटलं, हे एकच वर्ष असं आलंय, जाईल.

माणसं पिसाळली होती. वाडीची विहीर आटली, राहिला फक्त ओढ्यातला झरा. तिथं नंबरावरून एका बाईनं दुसरीचं कानातलं ओढलं, कानाची पाळी फाटून रक्ताचा ओघळ पदरावर आला, तरी दोघी हंडे सोडेनात. एकानं औताला जात नाही म्हणून बैलाला काठी तुटेपर्यंत मारलं, मग तुटक्या काठीनं मारलं. लहान लेकरांना तर कुणीही येताजाता रट्टे घालायचं. मीही शेजारची कोंबडी दगडानं मारली होती, घरात शिरली म्हणून. आता खोटं कशाला बोलू?

भिंतीला भिंत लागून माझ्या चुलत दिराचं घर. मी त्यांना भावजी म्हणायचे. त्यांची आई लवकर गेली, आत्याबाईनंच त्यांना कडेवर वाढवलं होतं. तरी त्या वर्षी बांधावरच्या आंब्यावरून अबोला होता. तो आमचा की त्यांचा, हे दोघांच्या बापांनाही सुटलं नव्हतं, ते वैशाखातल्या उन्हात सुटायचं होतं म्हणे! रोज सकाळी शिव्या, रोज संध्याकाळी शिव्या. ‘तुमचा मुडदा बशिवला’पासून सुरुवात.

वेल्ह्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. चौकोन आखायचा, शेण, झाडाच्या टहाळ्या, गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचं. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसती धग सरकत गेली पाहिजे. म्हणून पहाटे, वारा पडलेला असताना पेटवतात, आणि चढाच्या बाजूनं पेटवतात, म्हणजे विस्तव उताराला हळूहळू सरकतो. हे मी आता सांगते. तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भोंगवली कोरडवाहू, तिथं ज्वारी-बाजरी. राब म्हणजे काय ते मी सासरी आल्यावर ऐकलं.

त्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी आम्ही दोघी राबाशी उभ्या. झऱ्यावर लवकर गेलं नाही तर पाणी मिळत नव्हतं. आत्याबाई हंडा उचलून म्हणाली, ‘म्या पानी घिऊन येती. तू वरल्या अंगानं पेटव. आन् धांदरटपना करू नगंस.’

वरलं अंग! आमच्या भोंगवलीला जमीन सपाट. ओढा मावळतीकडनं येतो, वारं मावळतीकडनं येतं, म्हणून मावळत म्हणजे वरलं अंग. लहानपणापासून तेच. आणि त्या वाडीत मावळत म्हणजे नेमकी खालची बाजू. मी पदर खोचला, मावळतीकडं गेले आणि खालून काडी लावली. मनात म्हटलं, बघ म्हातारे, कसा झ्याक पेटवते.

दरवर्षी वारा न्याहारीनंतर सुटतो. त्या दिवशी उजाडतानाच सुटला, आणि गरम. वरची माती म्हणजे नुसता फुफाटा, ती पहिल्या झोतातच उडून गेली. धग नाही, जाळच उठला, कमरेएवढा, मग डोक्याएवढा, आणि चढाला पळत सुटला. मी ओल्या टहाळीनं झोडत होते, पण ओली कसली, तीच पेटली. माझ्या भुवया जळाल्या. चढावर भावजींचा गोठा होता, पेंढ्यानं शाकारलेला.

भावजी धोतर सावरत पळत आले. हातात कुऱ्हाड. एक बैल दावं तोडून त्यांनी बाहेर हुसकला. दुसऱ्याच्या दाव्याला गाठ बसलेली, तोवर छप्पर खाली आलं. बैल हंबरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो हंबरत नव्हता, किंचाळत होता. मग थांबला. जळक्या कातड्याचा वास माझ्या नाकात कितीतरी दिवस राहिला, भाकरी भाजतानाही यायचा. पेरणी तोंडावर आलेली आणि भावजींची जोडी मोडली. एका बैलावर कुणाचं औत चालतं?

भावजी वळले. तोंड काळं, हाताचं कातडं सोललेलं. ‘कुनी पेटिवला?’

आत्याबाई तेवढ्यात पळत आली होती, हंडा वाटेत टाकून. मी तोंड उघडलं. ती माझ्या पुढं येऊन उभी राहिली.

‘म्या.’

त्यांनी कुऱ्हाड फिरवली. पातं नव्हे, मागचा बोथट तुंबा. तेवढी शुद्ध होती म्हणायची. आत्याबाईनं डोक्यावर उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी चार हातांवरून ऐकला. ती खाली बसली, तेव्हा त्यांनी तिच्या कमरेत लाथ घातली. ज्या बाईनं भरवलं, तिलाच! मी भावजींच्या पाठीवर झेप घेतली आणि खांद्याला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्यांनी मला झटकलं, मी दगडावर आपटले, माझा पुढचा दात तुटला. मग चार गड्यांनी त्यांना धरलं. ते धरणाऱ्यांनाही मारत होते.

हाडवैद्यानं हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. माणसं गेल्यावर मी विचारलं, ‘आत्याबाई, तुमी का सांगितलं तसं?’

‘तुला मारली आसती तर तुजं भाऊ भोंगवलीहून काठ्या घिऊन आलं आसतं. मुडदं पडलं आसतं. माज्या ल्योकाचा संसार गेला आसता. मला मारलं तर कोन येतंय इचारायला?’ मग म्हणाली, ‘वरलं अंग म्हंजे काय गं तुमच्याकडं?’

मी मावळतीकडं बोट केलं.

‘आगं सटवे,’ ती डोळे मिटून म्हणाली, ‘वर म्हंजे वर!’

पाचव्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात वाडी बसली. भावजींचं म्हणणं, आंब्याच्या वादापायी म्हातारीनं जाणूनबुजून आग लावली. एक म्हातारा म्हणाला, ‘आरं, उनानं समदंच पेटाया आलंय. ऊनच लई हाय.’ त्यावर भावजी उसळले, ‘ऊन काय काडी वढतंय व्हय?’ शेवटी ठरलं, आत्याबाईनं बेलभंडार उचलावा. देवापुढचं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन सांगावं, आग लावली पण जाणून नाही. उचलला नाही तर वाडीनं आमच्याशी आगपाणी तोडायचं. त्या उन्हात, त्या एका झऱ्यावर, आगपाणी तोडणं म्हणजे मारणंच.

आत्याबाई उठली आणि डावा हात पुढं केला.

पुजारी मागं सरकला. ‘डाव्या हातानं देवाचं उचलत न्हाईत.’

आता आली का पंचाईत? उजवा हात गळ्यात बांधलेला, सुजून भोपळा झालेला. म्हाताऱ्यानं तोड काढली, ‘सून हाय न्हवं? तिनं उचलावा सासूच्या नावानं.’

माझ्या तळहातावर बेल आणि भंडारा ठेवला. आत्याबाई माझ्याकडं बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, बोल आणि मोकळी हो. शब्द सोपे होते. माझ्या सासूनं राब पेटिवला, पर जानून न्हाई. अर्धं खोटं, अर्धं खरं, देवानंही सोडून दिलं असतं. पण तिच्या कामट्यांवर माश्या बसत होत्या आणि डावा हात देवापुढं तसाच धरलेला, म्हणून तिला त्या उडवता येत नव्हत्या. ती मान हलवायची, त्या उठायच्या, परत बसायच्या. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. भावजींचा, वाडीचा, त्या मेल्या उन्हाचा, तिचा, माझा. देवाची भीती मला तेव्हाही नव्हती.

‘राब म्या पेटिवला,’ मी म्हणाले. ‘आत्याबाई झऱ्यावर हुत्या. मला वरलं अंग कळलं न्हाई, म्या खालनं लावला. जानून न्हाई लावला.’

भावजी उठले. मला वाटलं, आता मी मेले. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

‘काकी,’ ते म्हणाले, ‘खरं हाय का ह्ये?’

आत्याबाईनं मान खाली घातली. भावजींनी तिच्या हाताकडं बघितलं आणि देवळाच्या दगडी खांबावर कपाळ आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पाच-सात वेळा. रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेनात. बायका ओरडायला लागल्या, गडी धावले. म्हातारा सारखा म्हणत होता, ‘मिटलं, मिटलं, आता मिटलं.’

त्या गोंधळात आत्याबाई माझ्यापर्यंत आली. डाव्या हातानं तिनं माझ्या अशी थोबाडीत दिली की बेलभंडार उडून सगळ्यांच्या अंगावर पडला.

‘माजा हात फुकट घालिवलास की गं, भवाने!’ ती म्हणाली आणि हात मोडताना जी रडली नव्हती ती बाई तिथं, सगळ्या वाडीपुढं, मोठमोठ्यानं रडायला लागली.