आप्पांचा ठसा, माझा खोका

‘आता सगळं सोपं झालंय’ हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. ट्रेडमार्कची नोंदणी घरबसल्या होते, ढीगभर फॉर्मच्या जागी मोजके फॉर्म आले, आमच्यासारख्या लहान कारखान्यांना फी निम्मी झाली, सुनावणीसाठी मुंबईच्या चकरा मारायला नकोत. सगळं खरं आहे. मी स्वतः चार लोकांत त्याचं कौतुक केलं होतं, आणि आता मला त्याचाही राग येतो.

कुपवाडला आमचा कोयत्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. पत्र्याची शेड, दोन यंत्राचे हातोडे आणि सात माणसं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आष्ट्याला रस्त्याकडेला भाता लावून सुरुवात केली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून प्रत्येक पात्यावर ते एक ठसा मारत आलेत: चंद्रकोर आणि तिच्या पोटात तीन टिंबं. पातं लालबुंद असताना, मुठीपासून चार बोटांवर, एकाच घावात. ऊस तोडणारी माणसं कोयता घेताना आधी त्या जागी अंगठा फिरवतात. कोर हाताला लागली तर घेतात, नाहीतर खाली ठेवतात. आता आप्पांचे गुडघे गेलेत, कारखाना मी चालवते, पण ठसा मारायला त्यांना स्टूल टाकून द्यावंच लागतं. एखाद्या दिवशी बोलावलं नाही तर ते जेवत नाहीत.

तो ठसा कागदोपत्री आपला करून घ्यावा, हे माझ्याच डोक्यातून निघालं. सांगलीत एका सल्लागाराचं ऑफिस होतं. गुळगुळीत टेबल, गुळगुळीत बोलणं. “ताई, दहा मिनिटांचं काम,” तो म्हणाला आणि खरोखर दहा मिनिटांत त्याने अर्ज भरला. मी चहाही पुरता प्यायले नव्हते. त्याने दाखवलेल्या जागी सही केली आणि घरी येताना आप्पांसाठी पेढे घेतले.

काही महिन्यांनी साताऱ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. मेढ्याकडची गिऱ्हाइकं कोयते परत आणून टाकतायत, म्हणाला, दोन दिवसांत धार जाते. मी गेले. कोर होती, तीन टिंबंही होती, पण यंत्राने छापलेली, उथळ, आणि पातं असलं की शेवग्याची शेंग तुटेल की नाही शंका. परराज्यातल्या कुठल्या तरी व्यापाऱ्याचा माल. त्याने या चिन्हासाठी माझ्या आधीच अर्ज टाकला होता, हे मागून कळलं. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणजे काय, ते मला त्या दुकानात कळलं.

मग माझ्या अर्जावर हरकत आली आणि सुनावणी लागली, तीही मोबाइलच्या पडद्यावर. मी इस्त्रीची साडी नेसून, आप्पांचा एक जुना कोयता मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, चिन्ह कधीपासून वापरता? मी म्हटलं, वडिलांच्या उमेदीपासून. ते म्हणाले, तुमच्या अर्जात तर ‘पुढे वापरण्याचा विचार आहे’ असं लिहिलंय. मी कोयता उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी तो खाली ठेवायला सांगितला. साहेब उद्धट नव्हते, उलट फार सभ्य होते, आणि त्या सभ्यपणाचाच मला जास्त संताप आला. ओरडायचं तरी कुणावर? त्या व्यापाऱ्याचा अर्ज आधीचा, म्हणून माझा नामंजूर झाला.

सल्लागारावर मात्र मी पोटभर ओरडले. तो थंडपणे म्हणाला, “ताई, आधीपासून वापर आहे असं लिहिलं की नव्या नियमात प्रतिज्ञापत्र लागतं, पुरावे जोडावे लागतात. म्हणून आम्ही सगळ्यांचं ‘पुढे वापरणार’ असंच टाकतो. लवकर होतं.” सगळ्यांचं! म्हणजे या जिल्ह्यात किती जणांच्या बापजाद्यांची कमाई या माणसाने अशी एका खुणेसरशी पुसली असेल? त्याच्या टेबलावरची काच फोडावी असं वाटलं. फोडली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर मी एका वकीलबाईंकडे गेले. त्या सरळ होत्या. म्हणाल्या, जुना अर्ज दुरुस्त होणार नाही, नवा करू. आधीपासूनचा वापर सिद्ध केला तर त्या व्यापाऱ्यालाही हलवता येईल. फक्त तारीख असलेला आणि चिन्ह दिसणारा कागद हवा. आता कागद कुठून आणू? आप्पांनी आयुष्यभर आठवडी बाजारात पोत्यावर माल मांडून विकला. पावती मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नाही आणि मागितली असती तर दिलीही नसती. जुने कोयते शंभर मिळाले असते, पण कोयत्यावर तारीख नसते. गिऱ्हाइकांनी लिहून दिलं तर? वकीलबाई म्हणाल्या, देऊ दे, जोडू, पण समोरचा वकील ते चुटकीसरशी उडवेल.

तेव्हा मला फोटो आठवले. दर खंडेनवमीला आप्पा फोटोवाल्याला बोलवायचे. हत्यारांची पूजा मांडलेली, झेंडूच्या माळा, मागे ताठ उभे आप्पा. त्या जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात कॅमेरा नारिंगी आकड्यांत तारीख छापायचा! मी कपाटावरून अल्बम काढले, जमिनीवर पसरले आणि एकेक फोटो पाहत गेले. तारखा स्वच्छ होत्या, वर्षामागून वर्षं. आणि प्रत्येक पात्यावर, नेमक्या ठशावर, हळदीकुंकवाचा थापा. एकही कोर दिसत नव्हती. पूजा कशाची करायची, तर ठशाची, असं आमच्या घरात होतं. आणि ते कुंकू लावायचं काम माझं असायचं. फोटोत परकर-पोलक्यातली मी तांबडं बोट वर धरून हसत उभी आहे. त्या पोरीच्या एक मुस्काटात द्यावी असं मला वाटलं.

वकीलबाईंनी फोटो भिंगाखाली धरले, मान हलवली आणि विचारलं, “तुमच्याकडे छापील असं सर्वांत जुनं काय आहे?” होतं. कारखाना हातात घेतल्यावर मी पुठ्ठ्याचे खोके छापून घेतले होते, वर हीच कोर. छापखान्याचं बिल होतं, त्यावर तारीख होती, नमुना जोडलेला होता. ती तारीख त्या व्यापाऱ्याच्या आधीची निघाली. वकीलबाई खूश झाल्या. वापर या तारखेपासून दाखवू, म्हणाल्या, हे टिकेल. म्हणजे चाळीस वर्षांचं पोलाद चालत नव्हतं, माझा पुठ्ठा चालत होता.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन मी शेडमध्ये आले. आप्पा स्टुलावर बसले होते. चिन्ह वाचतंय हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, “वाच की, काय लिवलंय ते.” मी वाचायला नको होतं. पण वाचलं. सदर चिन्ह अर्जदाराने अमुक तारखेला प्रथम वापरात आणले, त्यापूर्वी...

“थांब,” आप्पा म्हणाले. “ही तारीख कसली?”

“खोक्याची. तेवढाच पुरावा हाय आप्पा.”

त्यांनी हातातला ठसा उलटसुलट करून पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं, मी त्यांच्याशी भांडले असते. त्यांनी खरंच कळत नसल्यासारखं मला विचारलं, “मग त्येच्या आदी मी काय करत हुतो गं?”

भट्टीपाशी पातं तापून तयार होतं. पोराने चिमट्यात धरून ते ऐरणीवर आणलं, आप्पांनी घाव घातला आणि पुढच्या पात्यासाठी हात पुढे केला. मी तिथून बाहेर आले आणि कुंपणाशी उभी राहून सल्लागाराला, साहेबांना, त्या व्यापाऱ्याला आणि मला स्वतःलाही येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी नोटरीसमोर उभी राहून, वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, अशी शपथ मी घेतली आणि सही केली.