चाकामागचा दगड

हे कुणाच्या हाती लागलं तर शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं. अक्षर एरवीच वाईट, रागात आणखी वाकडं होतं, आणि हे मी रागातच लिहिते आहे. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. आवाज घशातच राहतो. म्हणून कागद घेतला.

माझे धाकटे दीर आखातातून कायमचे परत आले. येताना डोक्यात एक गाडी घेऊन आले. ही गाडी सुट्या भागांत विकत मिळते. सांगाडा, फायबरचं अंग, चाकं, गोल दिवे, सगळं खोक्यांतून येतं आणि घरी जोडायचं. जुन्या काळच्या राजेलोकांची असायची तशी उघडी, लाल. इंजिन मोडीत निघालेल्या एका छोट्या गाडीचं घातलं. लग्नात नवरा-नवरीला मिरवायला भाड्याने द्यायची, असा त्यांचा बेत. घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपटात, पेंढा असायचा, तो बाहेर काढून एक अख्खा पावसाळा दीर तिथेच गाडी जोडत बसले. जेवणाचं ताट मी तिथे नेऊन द्यायची. गाडी दिसायला छान झाली, खोटं कशाला सांगू.

पण हँडब्रेक धरत नव्हता. दांडा करकर वाजत छातीपर्यंत वर यायचा आणि तरी गाडी उतारावर हळूहळू मागे सरायची. आमच्याकडे सपाट जागा आहे कुठे? घर टेकाडावर, अंगणातून वाट सरळ खाली. दिरांनी त्यावर उपाय काढला, तो म्हणजे मी. मागच्या सीटखाली चिऱ्याचा एक तुकडा ठेवायचा, आणि गाडी थांबली की मी उतरून तो चाकामागे लावायचा.

"भावोजी, ब्रेकच का नीट करत नाही?" मी एकदा विचारलं.

"करू हो वहिनी. केबल जरा ताणली की झालं. तोवर तुम्ही आहातच."

तोवर तोवर करता लग्नाचा सगळा हंगाम गेला.

सावर्ड्याच्या एका लग्नात तर कार्यालयासमोरच चढ होता. बँड वाजतोय, फोटोवाले वाकलेत, नवरी उतरायला पाय पुढे करते आहे, आणि दीर ओरडले, "वहिनी, दगड!" मी पदर खोचला, दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि बँडवाल्यांमधून पळाले. एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "ही बाई कोण? करवली काय?"

"नाय हो," दीर म्हणाले, "हा आमचा हँडब्रेक!"

सगळे हसले. ते वाडीत पोचायला वेळ लागला नाही. नळावर मी हंडा घेऊन गेले की बायका म्हणायच्या, "सरा गो, हँडब्रेक आला!" मीही हसायची. मला हसू येत नव्हतं तरी हसायची. बाकी कशाहीपेक्षा मला त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

पुढे एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, गाडी थांबताना चाकाचा कर्कश आवाज लग्नाच्या व्हिडिओत ऐकू येतो. दीर घरी आले, न्हाणीतली माझी खोबरेलाची बाटली उचलली आणि चाकामागे बसले.

"झोपाळ्याची कडी वाजली की तुम्ही काय घालता? तेलच ना?" असं मला म्हणाले आणि चाकाच्या आतल्या बाजूला भोक होतं त्यातून पिचकारीने तेल सोडलं, दोन्हीकडे. आवाज गेला. स्वतःवर इतके खूश झाले की दिवसभर शीळ घालत होते. मलाही वाटलं, बरं झालं. गाडीतलं मला काय कळणार?

मे महिन्यात मी अंगणामागे रातांबे फोडत होते. आमसुलांची माझी कामं त्याच दिवसांत असतात, कोपरापर्यंत हात लाल. गाडी अंगणात आल्याचं ऐकलं आणि लगेच हाक आली, "वहिनी, दगड!" उठून पुढे येईपर्यंत दीर दांडा ओढून खाली उतरले होते. गाडी त्यांच्या मागून निघाली. जराही आवाज न करता उतारावरून गेली आणि शेजारच्या काकांच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारसायकलवर जाऊन आदळली. माणूस कुणी नव्हतं, देवाची कृपा. मोटारसायकलचं पुढचं चाक मात्र पापडासारखं वळलं.

काका धावत बाहेर आले. "अरे, काय हे? कुणी सोडली गाडी?"

"वहिनी दगड लावायला आल्याच नाहीत," दीर म्हणाले. "मी हाक मारली होती."

मी तिथेच उभी होते. हातांवरून रस गळत होता.

नुकसान बारा हजारांचं निघालं. दिरांचे पैसे गाडीत अडकलेले. माझ्याकडे दोन वर्षं आमसुलं विकून साठवलेले होते. अलोऱ्याला माझी आई एकटी असते. मला भाऊ नाही. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि तिचं ऑपरेशन पावसाआधी करायचं ठरलं होतं. नवरा मुंबईला. त्यांचा फोन आला.

"देऊन टाक गो. घरातलं वाडीत कशाला न्यायचं?"

"ते आईच्या डोळ्याचे पैसे आहेत."

"डोळा काय पळून जातोय?"

मी दिले. काकांच्या हातात दिरांनी ठेवले, जसे काही त्यांचेच. आईला मी फोनवर सांगितलं की डॉक्टर सुट्टीवर आहेत. ती म्हणाली, "असूं दे, मला काय सुईत दोरा ओवायचाय?" फोन ठेवल्यावर मी चुलीपाशी बसून दात-ओठ खाल्ले. दुसरं काय करणार होते?

हँडब्रेक नीट होईपर्यंत ही गाडी माझ्या फाटकासमोरून न्यायची नाही, असं काकांनी बजावलं. म्हणून शेवटी सावर्ड्याहून मेकॅनिक आला. काका खुर्ची घेऊन बघायला बसले. मेकॅनिकने मागचं चाक काढलं, त्याच्या आतला लोखंडी डबा ठोकून बाहेर ओढला. आतल्या ब्रेकच्या पट्ट्या काळ्या, ओल्या, चकाकणाऱ्या. त्याने बोट लावून वास घेतला.

"यात तेल कुणी घातलं? इथं घासायला पाहिजे, तर गाडी थांबेल. तेलावर काय थांबणार?" पुन्हा वास घेतला. "आणि तेही खोबरेल!"

दीर माझ्याकडे बघून हसले. "काय वहिनी, केसांचं तेल गाडीला?"

काकाही हसायला लागले. मग मात्र माझं काय झालं मला माहीत नाही. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"मी केसांना लावते. चाकात तुम्ही घातलंत, पिचकारीने. मी इथेच उभी होते. दगड लावायला उशीर झाला म्हणून गाडी गेली नाही, तेलामुळे गेली. माझ्या आईच्या डोळ्याचे बारा हजार तुम्ही माझ्याकडून घेतलेत, भावोजी. ते परत द्या."

मेकॅनिक पाना शोधायला लागला. काका खुर्चीतून उठले. "म्हणजे ते पैसे सूनबाईचे होते? आणि तू माझ्या हातात ऐटीत ठेवलेस?"

दीर म्हणाले, "घरातल्या घरात कसला हिशोब काका?"

"घेताना होता ना?" मी म्हटलं.

तेलात भिजलेल्या पट्ट्या मेकॅनिकने फेकून नव्या घातल्या. डबा पेट्रोलने धुऊन पुसला. गंजलेली केबल बदलली. तेल घालायचं ते फक्त दांड्याच्या सांध्याला, तेही दोन थेंब, असं त्याने दिरांना दाखवून सांगितलं. मग मला म्हणाला, "ताई, तुम्ही आत बसा आणि मी सांगेन तेव्हा दांडा ओढा." मी पहिल्यांदा त्या गाडीत पुढे बसले. तो खाली नट आवळत होता, मी ओढत होते, सोडत होते. शेवटी दांडा थोडासाच वर आला आणि घट्ट अडला. गाडी उतारावर होती तिथेच राहिली. दिरांच्या तोंडून सवयीने निघालंच, "वहिनी, द..." मी जागची हलले नाही.

पैसे मात्र लगेच आले नाहीत. आधी तीन हजार, मग "गणपतीत भाडं येऊ दे." गणपती येऊन गेले. काका फाटकातून रोज विचारायचे, "दिलेस काय रे वहिनीचे?" नवऱ्याचा फोन आला, "किती ताणशील? धाकटा आहे तो." मी ओटीवर उभी राहून, खालच्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "ताणत नाही. मागते."

दिवाळीआधी आणखी पाच आले. तुळशीच्या लग्नानंतर गाडीला भाडी लागली, आणि एका दुपारी दिरांनी उरलेले ओटीवर ठेवले. माफी वगैरे नाही. "मोजून घ्या, नाहीतर म्हणाल कमी दिले."

मी त्यांच्यासमोर बसून मोजले. चार हजार होते. बारा पुरे झाले.