मासोळ्यांच्या सहा पिशव्या आणि चाळीस टक्के बॅटरी

मुलचेऱ्याहून निघाले तेव्हा माझ्या विजेच्या गाडीत जेमतेम चाळीस टक्के बॅटरी होती. मैत्रिणीच्या अंगणात गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवली होती, पण लाइनच आली पहाटे. गाडी उपाशी राहिली, मी मात्र तुडुंब. शेजारच्या बंगाली काकूंनी माछेर झोल (माशाचा पातळ रस्सा) आणि भात इतका आग्रहाने वाढला की विचारू नका. "आष्टीला ढाब्यावर फास्ट चार्जर आहे, अर्ध्या तासात काम होतं," असं मैत्रिणीला ऐटीत सांगून मी निघाले. बॅटरी बदलत बसण्याच्या भानगडी रिक्षावाल्यांनी कराव्यात, असं माझं ठाम मत होतं.

गावाबाहेर एक पिकअप चाक मोडून एका बाजूला कलंडून उभी होती आणि साठीच्या एक बाई भर रस्त्यात हात करत होत्या. या सिंधूबाई. पोंभुर्ण्याजवळच्या गावात बायकांचा मासेमारीचा गट आहे, त्याच्या अध्यक्ष. पिकअपमध्ये पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या सहा टम्म पिशव्या होत्या. आत जिरा (माशांची बारीक पिल्लं).

"बाई, यंदा पयल्यांदाच तलाव ठेक्यानं आम्हा बायाइले भेटला. सारं गाव हासून राह्यलं, का हे बायाइचं काम नाई म्हणून. हे मेले तं आमचं साल गेलं, अन् पुढच्या वर्षी तलाव कोनी देत नाई. दोपारपर्यंतच दम हाय याइचा. सोडता का?"

नाही कसं म्हणणार? माझी बॅग डिकीत गेली आणि मासोळ्या मागच्या सीटवर बसल्या.

"एसी चालू ठेवजा," सिंधूबाई म्हणाल्या. "जिऱ्याले गरमी सोसत नाई."

दोन्ही बाजूंना साग, मध्येच भातरोवणीची बांधी, गुडघाभर चिखलात ओणव्या बाया आणि रेडिओवर गाणी. मजा येत होती. पण खड्डे चुकवता चुकवता माझं लक्ष सारखं टक्क्यांकडे. तीस. सव्वीस. बावीस. रस्त्यात बंद पडलो तर? माझा धीर सुटला आणि मी गुपचूप एसी बंद केला. "बाहेर छान वारा आहे," म्हणत काचा खाली केल्या. वारा कसला, नुसती वाफ होती.

आष्टीचा चार्जर चालू होता, पण लाइन इतकी मंद की ऐंशी टक्के व्हायला दोन तास दाखवत होता. सिंधूबाईंनी पिशव्यांना हात लावला.

"कोमट झाल्या. काऊन वं?"

मी चार्जरची वायर ठीक करण्यात फारच गुंतल्याचं दाखवलं.

शेजारी एका ई-रिक्षावाल्याने सीट उचलली, थकलेली बॅटरी काढली, भरलेली बसवली. तो आमच्याकडे बघून हसला.

"म्याडम, तुमच्या गाडीची ब्याटरी निंघत नाई काय?"

"नाही हो, ती खाली पक्की बसवलेली असते."

"मंग एवढ्या मोठ्या गाडीचा काय उपेग?" म्हणत तो सवारी घेऊन गेलासुद्धा. खरं सांगते, मला त्या रिक्षाचा हेवा वाटला.

सिंधूबाईंनी ढाब्यावरून ओली पोती आणून पिशव्यांवर टाकली. चहाला हात लावला नाही.

"पोचाले किती लागते?"

"ऐंशी टक्के झाले की निघू."

"ऐंशी कायले? पोचाले पुरते तेवढं भरा. वापस जायाचं मंग पाहू."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अर्ध्या तासात, पस्तीस टक्क्यांवर आम्ही निघालो, एसी पूर्ण लावून.

तलावाच्या पाळीवर बायका पदर खोचून तयारच होत्या. आधी पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होते. मग एकेक सोडली. पाच पिशव्यांमधली पिल्लं सुळकन पसार! सहावी खिडकीच्या उन्हात होती. तिच्यातली तळाशी आडवी पडली होती.

"सिंधूबाई," मी म्हणाले, "आष्टीच्या आधी एसी मीच बंद केला होता. बॅटरी संपेल म्हणून घाबरले."

 त्यांनी पिशवी गंजात (पातेल्यात) ओतली, तलावाचं थोडं पाणी घातलं आणि गंज माझ्यापुढे ठेवला.

"बसा इथी. हातानं पानी बडवा. हवा मिसयते. आमचे बुढे जिरा असाच पायी आनत, गावोगावच्या तलावावर पानी बदलत."

मी बडवत राहिले. खांदा भरून आला. "अजून?" "अजून." किती वेळ गेला कोण जाणे. मग एक पिल्लू सरळ झालं, मग चार, मग घोळकाच प्रवाहाविरुद्ध फिरायला लागला. "आली! आली!" मी ओरडले आणि चक्क रडू आलं. बायका खो खो हसल्या. काही पिल्लं मात्र उठली नाहीत. ती सिंधूबाईंनी वेचून बाजूला ठेवली.

गाडी त्या रात्री पिठाच्या चक्कीच्या प्लगवर झोपली आणि मी सिंधूबाईंकडे. दुसऱ्या दिवशी घरी परतताना चंद्रपूरच्या मोठ्या चार्जरवर खांदा इतका आखडला होता की वायर उचलेना. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी ती लावून दिली आणि विचारलं, "मॅडम, तुमचा अनुभव काय? हे चार्जिंग बरं, की बॅटरी बदलून मिळणं?"

"काल बदलून मिळाली असती तर फार बरं झालं असतं," मी म्हणाले. "पण एसी मीच बंद केला होता. आणि तेवढं एक वाक्य बोलायला मला चार्जिंगपेक्षा जास्त वेळ लागला."